एका डाखापुरती फुंकर

नाकाला चिमटा लागला आणि कृष्णाजींची फुंकर तुटली. झालं एवढंच. पण पंचेचाळीस वर्षांत ती अशी कधी तुटली नव्हती, त्यामुळे तपासणीच्या त्या काचेच्या खोलीत, तोंडात पुठ्ठ्याची नळी धरून बसलेले कृष्णाजी पार भांबावून गेले. समोरची मुलगी कानडीत ओरडत होती, “ऊदि सर, ऊदि, जोरागि! इन्नू, इन्नू!” फुंका, जोरात फुंका, अजून, अजून. आता फुंकायचं कसं हे या पोरीनं कृष्णाजी सोनाराला शिकवायचं! त्यांनी आपले नेहमीसारखे गाल भरले, ओठ आवळले आणि बारीक, एकसारखी फुंकर सोडली, कामाच्या दिव्यावर सोडतात तशी, ज्योत न थरथरता आडवी वाकेल आणि तिचं टोक मोहरीएवढ्या जागेवर पडेल अशी. गालातली हवा संपत आली की सोनार नाकानं नवी घेतो. इकडे गाल रिकामे होतात तोवर तिकडे छाती भरते, आणि बाहेर बघणाऱ्याला वाटतं, हा बाबा श्वास घेतच नाही. पण आज नाकाला चिमटा होता. गाल रिकामे झाले, आणि छातीकडे मागायला जावं तर तिथं काही नव्हतं. पडद्यावरची रेघ जराशी उठली आणि आडवी झाली. मुलीनं तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा तेच.

डॉक्टर निधी पुण्याची, मारतहळ्ळीला राहणारी, वयानं कृष्णाजींच्या मुलीएवढी, आसावरीएवढीच. तिनं ते कागद बघितले, मग कृष्णाजींकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या आसावरीकडे. “काका, घरी एक्सरसाइज करत होतात ना? तो थ्री-बॉलवाला?”

“रोज करतो की,” कृष्णाजी म्हणाले. “तिन्ही गोळ्या वर. दोन-दोन मिनिटं.”

“दोन मिनिटं?” निधी हसली. “काका, मला स्वतःला दहा सेकंद जमत नाही. दाखवा बरं.” तिनं खणातून तसलंच एक यंत्र काढलं, निळ्या गोळ्यांचं, आणि नवी नळी लावून दिलं. कृष्णाजींनी ते सवयीनं उलटं धरलं आणि फुंकायला लागले. गोळ्या वर गेल्या आणि राहिल्या. आसावरीच्या चेहऱ्यावर तो जुना अभिमान आला. अप्पांचा असा व्हिडिओ तिनं नातेवाइकांच्या ग्रुपवर कितीदा टाकला होता. निधी पुढं वाकली आणि दोन बोटांनी तिनं कृष्णाजींचं नाक हलकेच मिटलं. गोळ्या खाली आल्या.

“काका, हे ओढायचं असतं. श्वास आत घ्यायचा, सरळ धरून. तुम्ही फुंकताय. आणि तेसुद्धा नुसत्या गालांनी.”

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथं सोनाराचेच टोचले गेले. दोष कुणाला द्यायचा? कोविडच्या त्या मे महिन्यात दवाखान्यातून सोडताना कुणीतरी हे यंत्र हातात दिलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं कुणीतरी, आणि काचेआडून म्हणालं होतं, बॉल वर गेले पाहिजेत सर, बॉल वर. सोबत कागद होता. पण हत्यार हातात आलं की ते कसं चालतं हे कारागिराला कागद वाचून कळावं लागत नाही. सरळ धरून फुंकलं तर गोळ्या हलेनात. उलटं धरलं आणि गेल्या वर. संपलं. जन्मभर ज्याचा श्वास बाहेर जाण्यासाठीच होता त्याच्या मनात, हे यंत्र आत ओढायचं असेल, हा विचार यावा तरी कुठून? नाक आणि गाल यांच्यामध्ये फिरवलेल्या चार घोट हवेवर त्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ गोळ्या नाचवल्या होत्या, घर खूष ठेवलं होतं, स्वतः खूष राहिले होते, आणि त्या सगळ्या काळात आत काय चाललं आहे हे विचारायला ते एकदाही खाली उतरले नव्हते.

निधीनं पडद्यावर फुफ्फुसं दाखवली. खालच्या बाजूला, दोन्हीकडे, पांढरी जाळी होती. कृष्णाजींना आधी ती फक्त सुबक दिसली; तारेचं काम करणाऱ्या एखाद्या जुन्या हाताची असावी तशी. “कोविडनं आत जखम झाली,” निधी सांगत होती. “जखम भरताना वण राहतो ना, तसे हे वण. वण कडक असतो, काका. तो फुगत नाही आणि त्यातून ऑक्सिजन रक्तात जात नाही. पुष्कळांचे थांबतात, तुमचे वाढतायत. आधीचं ॲसिड, धूर, त्याचाही हात असेल.” आसावरीनं बारीक आवाजात विचारलं, एक्सरसाइज बरोबर केला असता तर? “वण गेले नसते,” निधी म्हणाली. “आधी कळलं असतं, इतकंच.” मग तिनं सहा मिनिटं चालण्याच्या तपासणीचा कागद पुढं सरकवला. चालताना रक्तातला ऑक्सिजन एक्क्याऐंशीवर. गोळ्या सुरू करू, पण ऑक्सिजन घरी लागेल, आजपासून, दिवसाचे सोळा-अठरा तास. “आणि मशीन असलेल्या घरात ज्योत नको. काम बंद, काका.”

“सहा तास उरतात की मग,” कृष्णाजी म्हणाले.

निधी हसायला गेली आणि थांबली. “नाही उरत. दिव्याचा धूर आता एक दिवससुद्धा नको.”

त्यांच्या डोळ्यांपुढं काय यावं? दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, मरण तर नाहीच. मथुरेच्या गळ्यातली सेफ्टी पिन आली. दोन वर्षं झाली, तिच्या मंगळसूत्राच्या एका वाटीची कडी झिजून सुटली होती. दोन वाट्यांतली माहेरची अजून धड होती. सुटली ती सासरची, छत्तीस वर्षांपूर्वी कृष्णाजींनी स्वतः घडवलेली. त्यांच्या घराण्यात रीत अशी की घरच्या बाईचं मंगळसूत्र घरच्याच फुंकरीनं जोडायचं. गॅसच्या ज्योतीवर नाही, गल्लीतल्या दुसऱ्या सोनाराकडे तर मुळीच नाही. एका डाखाचं, जोड सांधणाऱ्या एका कणाचं काम, दहा मोजेपर्यंत व्हावं असं. पण त्या आधीच्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या झुमक्यावर त्यांची फुंकर मध्येच हलली होती आणि कडा वितळली होती, म्हणून मथुरेची वाटी त्यांनी पुढं ढकलली. जरा दम येऊ दे. सण होऊ दे. थंडी जाऊ दे. मथुरेनं ती वाटी पिनेनं पोतीत अडकवली आणि पुन्हा विषय काढला नाही. सोनाराची बायको आणि गळ्यात पिन! बायका हसायच्या, तीही हसायची. आता आजपासून ज्योत नाही म्हणजे ती पिन कायमची झाली. कृष्णाजींना एकदम इतकी हुरहुर लागली की निधी पुढं काय म्हणाली ते त्यांना ऐकूच आलं नाही.

गाडीतच आसावरीनं फोनवर मशीन ठरवलं. चार वाजता येणार. गल्लीत गाडी जात नाही, चिकपेटच्या तोंडाशीच उतरावं लागतं. “अप्पा, मी येते ना आत सोडायला.” “नको. तुझी मीटिंग आहे.” “मीटिंग गेली खड्ड्यात.” पण मागून रिक्षावाले भोंगे वाजवायला लागले तशी ती निघाली, सर्जापूर रोडवरच्या ऑफिसातून सातपर्यंत परत येते म्हणाली. दारापर्यंत दीडशे पावलं असतील. पूर्वी ही गल्ली त्यांना दिसतच नसे, तिच्यातून ते नुसते जात येत असत. आता तिच्यात मुक्काम होते. पहिला साड्यांच्या दुकानापाशी, जणू काचेतली साडी मनात भरली आहे. दुसरा पितळी डब्यांच्या दुकानापाशी. डबेवाला ओरडला, “एनु अण्णा, आराम?” कृष्णाजींनी हात वर केला, उभं राहणं आणि बोलणं आता एका वेळी होत नसे. हेच त्यांना सगळ्यांत जास्त लागे. पूर्वी रविवारी सकाळी ते दोघं लालबागेत जात आणि त्या जुन्या खडकावर चढत. मथुरा अर्ध्यावर दमायची, आणि हे वर उभे राहून ओरडून तिला चिडवायचे, निपाणीच्या बाजारात कुणी ओरडावं तसं, लाजलज्जा सोडून. ती खालून हात जोडायची, गप्प बसा हो. तो आवाज कुठं गेला? आता त्यांची वाक्यं तीन-चार शब्दांची झाली होती, आणि मथुरा त्यांतली उरलेली स्वतःच पुरी करायची. ती बरोबर पुरी करायची, तरी त्यांना आपलं वाक्य आपल्या तोंडानं संपवावंसं वाटे. साधं एखादं लांबलचक, वाकडंतिकडं, मध्ये विसरून पुन्हा आठवलेलं वाक्य.

फुंकर शिकवली वडिलांनी, निपाणीला. पाण्यानं भरलेला तांब्या आणि त्यात एक पोकळ बोरू. फुंकायचं आणि बुडबुडे थांबू द्यायचे नाहीत. नऊ वर्षांच्या कृष्णाला पहिले आठ दिवस नाकातोंडात पाणी जाण्यापलीकडे काही साधलं नाही. मग एका दुपारी, कसं कोण जाणे, गाल वेगळे झाले आणि छाती वेगळी झाली, आणि बुडबुडे चालूच राहिले, चालूच राहिले. हातातलं काम ठेवून वडिलांनी तांब्याकडे बघितलं, एवढंच. ती वाटी घडवताना कृष्णाजी सत्तावीस वर्षांचे होते आणि मथुरेला त्यांनी एकदाच बघितलं होतं, गोकाकला, पोह्यांची बशी हातात घेतलेली. तिच्याविषयी काहीच माहीत नव्हतं. पण कडीवर ज्योत वाकवून धरली तेव्हा त्यांना वाटलं होतं की ही फुंकर आता त्या मुलीच्या गळ्यात आयुष्यभर राहणार. कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, सांगितलीही नाही. आणि त्या मे महिन्यात, पालथं निजवून ठेवलेलं असताना, नर्स फोन कानाशी धरायची तेव्हा त्यांच्याच्यानं बोलवत नव्हतं. नुसता श्वास जायचा फोनमधून, करवतीसारखा. पलीकडे मथुरा, तिलाही ताप, घरात कोंडलेली, म्हणायची, “ऐकू येतंय. येतंय हं. असंच घेत राहा.” अकरा दिवस ती तो श्वास ऐकत राहिली. घरी आल्यापासून ते खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसून झोपतात, आडवं झालं की खोकला येतो म्हणून, ती पलंगावर. मध्ये चार हात जागा. ती चार हात जागा ओलांडून जायला काय हरकत होती? काही नाही. पण खोकणारा माणूस स्वतःहून लांब बसायला शिकतो, आणि शिकलेलं विसरायचं राहून जातं.

“आलासा? काय म्हणाली डॉक्टर?” मथुरेनं पाणी दिलं. कृष्णाजींनी चार वाजता काय येणार ते सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. ती ऐकत होती, हात पदराला पुसत. ऐकून झाल्यावर म्हणाली, “सरी, बरं. येऊ दे. जेवून घ्या.”

“मंगळसूत्र काढ,” कृष्णाजी म्हणाले.

“आत्ता?”

“मग कधी?”

तिनं पिन उघडून वाटी तेवढी सोडवली, पोत गळ्यातच ठेवली, आणि वाटी त्यांच्या हातावर ठेवली. ती कोमट होती. पुढच्या खोलीत त्यांची बसायची जागा, घाशीव लाकडाचं मांडी घालून बसण्याजोगं मेज, खिडकीचा उजेड डावीकडून. त्यांनी दिवा लावला, जाड वातीचा. वाटी घासली, कोळशाच्या ठोकळ्यावर ठेवली, कडी बसवली, टाकणखाराचं पाणी काडीनं लावलं, डाखाचा तिळाएवढा कण चिमट्यानं जोडावर ठेवला. हात चोख होते. हातांना काहीच झालं नव्हतं. ते एखाद्या कामसू माणसासारखे सगळं मांडून तयार बसले होते आणि फुंकरीची वाट बघत होते. कृष्णाजींनी बाकनळी ओठांत धरली, ती सोनाराची वाकडी फुंकणी, आणि गाल भरले.

ज्योत वाकली. टाकणखार फुगला, पांढरा झाला, बसला. वाटीचा रंग फिरायला लागला. आता गाल अर्धे. नाकानं घ्यायचं. त्यांनी घेतलं, आणि ते छातीच्या तोंडाशी अडलं, आत शिरेना. ज्योत ताठ उभी राहिली. वाटी काळवंडून थंड झाली. खोकला आला तो संपेपर्यंत मथुरा दारात उभी होती. पाठीवर हात ठेवायला आली नाही, कारण तसं केलेलं त्यांना आवडत नाही हे तिला माहीत होतं. दुसऱ्यांदा ते डाख घामेजेपर्यंत पोचले. कण चकाकला, कडेला नुसता ओला झाल्यासारखा झाला, आणि आणखी दोन मोजेपर्यंत हवं होतं, दोनच, पण ते दोन कुठून आणायचे? तिसऱ्यांदा तर ज्योत नीट वाकलीही नाही. भिंतीवर साडेतीन वाजले होते. कृष्णाजींनी बाकनळी मेजावर ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर. रडू येत होतं. पण रडायलाही दम लागतो.

मथुरा आली आणि त्यांच्या समोर बसली. छत्तीस वर्षांत ती या मेजाच्या त्या बाजूला बसली नव्हती. “गालांनी होणार नाही हो आता,” ती म्हणाली. “ते गोळ्यांचं बी मला ठाऊक होतं.”

“काय?”

“छाती हलत नव्हती तुमची. पहिल्याच दिवशी बघितलं की मी.”

कृष्णाजींना राग आला. खरा, पोटातून राग आला, आणि तो बोलून दाखवण्याइतका श्वास नव्हता म्हणून ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिनं नेहमीसारखं त्यांचं वाक्य पुरं केलं. “बोलली का नाहीस म्हणता? कसं बोलणार? आसावरीला फोन करून सांगत होतासा, बघ, तिन्ही वर. त्या वर्षी आपल्या घरात खूष व्हायला दुसरं काय होतं सांगा. चुकलं माझं. डॉक्टरला तरी सांगायला हवं होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू.”

उद्या. तोच शब्द त्यांनी या वाटीला दोन वर्षं सांगितला होता. एकाच घरात दोघं एकमेकांना जपत बसले होते आणि जपता जपता वेळ निघून गेला होता. राग कुठं गेला ते कृष्णाजींना कळलं नाही. तो गेल्यावर मात्र आत भलतीच मोकळी जागा झाल्यासारखं वाटलं, आणि त्या जागेत ही समोर बसलेली बाई, कपाळावर घामाचे बारीक थेंब असलेली, त्यांना हवीहवीशी झाली, नव्या नवरीसारखी नाही, त्याहून जास्त.

“द्या इकडं,” मथुरेनं बाकनळी उचलली.

“रीत…”

“रीत काय सांगते? घरच्याच फुंकरीनं. मग मी काय बाहेरची?”

कृष्णाजींनी जोडावर नवा डाख ठेवला. तिला पहिल्यांदा जमलं नाही. तिनं गोकाकच्या चुलीत फुंकावं तसं फुंकलं आणि दिवाच गेला. ती हसली, त्यांना हसू आवरेना, आणि त्या हसण्यानं आलेला खोकला दोघांनी मिळून पुरा केला. मग ते तिच्या बाजूला सरकले. “जोर नको. लांब. एका श्वासात… होईल तुला.” तिच्या छातीत श्वास होता, भरपूर, न वापरलेला. त्यांच्या हातांत कसब होतं. बाकनळीचं एक टोक तिच्या ओठांत. दुसऱ्या टोकाशी त्यांची बोटं, ज्योतीला दिशा देणारी. तिचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला होता. तिचा श्वास नळीतून येऊन त्यांच्या बोटांना किंचित लागत होता, कोमट, ओलसर. चार वर्षांत ते इतके जवळ बसले नव्हते.

ज्योत वाकली, थरथरली, सावरली. टाकणखार फुगला आणि बसला. वाटी तांबूस झाली. डाख घामेजला, आणि मग ते झालं, जे त्यांनी हजारो वेळा बघितलं होतं आणि जे बघायला त्यांचा जीव दोन वर्षं तडफडत होता: कण एकदम पाण्यासारखा झाला आणि जोडातून लखकन पळाला. कडी बसली. त्यांनी बोटानं नळी जराशी बाजूला केली. मथुरा दम घ्यायला थांबली.

गल्लीतून चाकांचा आवाज आला, पाठोपाठ कुणाची तरी हाक, “सर, ऑक्सिजन मशीन! कृष्णाजी सर मनि इदेना?” कृष्णाजी सरांचं घर हेच ना?

“स्वल्प थांबा!” मथुरेनं आतूनच ओरडून सांगितलं, आणि वळून हळू विचारलं, “लागली का हो कडी?”

कृष्णाजींनी वाटी चिमट्यानं उचलून मेजाच्या कडेला निवत ठेवली.

“नाही,” ते म्हणाले. “अजून एकदा फुंक.”

तिनं मेजाच्या कडेला निवत असलेल्या, जोडलेल्या वाटीकडे बघितलं. मग छाती भरून श्वास घेतला आणि बाकनळी ओठांत धरली. ज्योत पुन्हा वाकली आणि रिकाम्या कोळशावर पडली. बाहेर पुन्हा हाक आली. मथुरा फुंकत राहिली.